तालमीतला डाव आणि रस्त्यावरची मारामारी

महाराष्ट्रातल्या पारंपरिक युद्धविद्यांपैकी कुस्ती ही एकच विद्या आजही रोजच्या रोज तपासली जाते. पुणे-सोलापूर महामार्गावरच्या लोणी काळभोरसारख्या गावांच्या परिसरात जत्रेला कुस्त्यांचा फड भरतो. तिथे समोरचा पैलवान डाव लागू देत नाही, लागलेला सोडवतो आणि संधी मिळताच उलटा डाव टाकतो. याच भागात शिवजयंतीच्या किंवा गणपतीच्या मिरवणुकीत मुलेमुली लाठीकाठी आणि दांडपट्टा फिरवतात. ते पाहून छाती भरून येते, पण तिथे समोर कोणी लढायला उभा नसतो. पारंपरिक शिक्षण खऱ्या मारामारीत टिकते का, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या फरकात आहे.

लाठीकाठी-दांडपट्ट्याचे हे मर्दानी खेळ सुरुवातीपासून असे नव्हते. फरी-गदग्यात एका हातात छोटी ढाल आणि दुसऱ्या हातात कातडे मढवलेली काठी घेऊन दोघे खरोखर भिडत आणि लागलेला वार मोजला जाई. बोथाटीत भाल्याच्या टोकाला पात्याऐवजी कापडी बोंडा बसवलेला असे. जीव न घेता भाल्याचा सराव व्हावा, एवढीच ती सोय. म्हणजे जुन्या वस्तादांना नुसत्या हातवाऱ्यांवर भरवसा नव्हता. पुढे 1818 मध्ये पेशवाई गेली आणि 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे बंद झाले. दांडपट्ट्याला रणांगण उरले नाही, तशी झुंज मागे पडली आणि प्रात्यक्षिक पुढे आले. 2024 मध्ये दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र ठरला. तो मान योग्यच आहे, पण त्यामुळे पट्टा फिरवणारा माणूस मारामारीत आपोआप सुरक्षित होत नाही.

कुस्तीचे तसे झाले नाही, कारण तिला हत्यार लागत नाही आणि पूर्ण जोर लावूनही रोज खेळता येते. जोर, बैठका आणि सपाट्यांनी अंग तयार होते हे खरे, पण पैलवान घडतो तो हौद्यात, आपल्याहून भारी गड्याशी लढताना. एकेरी पट, ढाक, घिस्सा, कलाजंग हे डाव पाठ करून येत नाहीत. ते शेकडो वेळा फसतात, तेव्हा कुठे एकदा वेळेवर बसतात. दमलेले असताना, कोणी अंगावर रेलले असताना आणि हरण्याची भीती असताना शरीर कसे वागते, हे पैलवानाला ठाऊक असते. मारामारीत नेमके हेच उपयोगी पडते. जिवावर बेतले की छाती धडधडते, नजर समोरच्या एकाच गोष्टीवर खिळते, बोटांची नाजूक कामे जमेनाशी होतात आणि मोजूनमापून शिकलेली लांब क्रिया आठवत नाही. उरते ते अंगवळणी पडलेले एवढेच.

जगभरच्या लढतींनी हीच गोष्ट दाखवली आहे. 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्स मालिकेची पहिली स्पर्धा झाली. वजनगट नव्हते आणि निरनिराळ्या पद्धतींचे लढवय्ये एकमेकांसमोर उभे होते. जिंकला तो तुलनेने सडपातळ ब्राझिलियन, रॉयस ग्रेसी. त्याची जुजुत्सू पद्धत प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराला जमिनीवर नेऊन जखडण्याच्या सरावावर उभी होती. 2017 मध्ये चीनमधल्या चेंगडू येथे शू श्याओडोंग या मिश्र मार्शल आर्ट्सच्या खेळाडूने वेई लेई या ताई ची गुरूला अर्ध्या मिनिटाच्या आत खाली पाडले. त्यावरून ताई ची निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल. त्या गुरूचा सराव बुक्क्या मारणाऱ्या माणसासमोर झालेला नव्हता, एवढे मात्र उघड झाले. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापन केली. जुन्या जुजुत्सूतले घातक प्रकार त्यांनी मुक्त सरावातून बाजूला काढले आणि जे पूर्ण ताकदीने खेळता येईल त्यावर भर दिला. डाव कमी घातक झाले, तरी ते खेळणारे अधिक सक्षम झाले. ‘आमचे डाव इतके जीवघेणे आहेत की सरावात वापरताच येत नाहीत’ असे सांगणाऱ्या क्लासचालकांना कानोंच्या या उदाहरणाला उत्तर देणे कठीण जाईल.

तरी कुस्तीलाही तिच्या नियमांच्या मर्यादा आहेत. कुस्तीत ठोसा नाही, लाथ नाही, गळा आवळणे नाही. पाठ टेकली की निकाल लागतो, म्हणून पाठ वाचवण्यासाठी पालथे पडण्याची सवय पैलवानाच्या अंगात मुरलेली असते. जिथे मागून गळा आवळता येतो, तिथे हीच सवय महागात पडते. हरियाणाची रितू फोगट कुस्तीतून मिश्र मार्शल आर्ट्समध्ये गेली आणि तिने अनेक प्रतिस्पर्ध्यांना खाली घेऊन हरवले. पण डिसेंबर 2021 मध्ये सिंगापूरला एका स्पर्धेच्या अंतिम लढतीत थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सने तिचा हात जखडून तिला शरणागती पत्करायला लावली. खाली पाडणे तिला येत होते. खालून येणारा धोका तिच्यासाठी तुलनेने नवा होता. मैदान बदलले तरीही जुळवून घ्यावे लागते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झाले. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवरच्या कुस्तीत ते सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. माती ते मॅट एवढ्या बदलालाही तयारी लागली, तर माती ते डांबरी रस्ता हे अंतर किती असेल! शिवाय रस्त्यावर पटात शिरून खाली जाणाऱ्याचे गुडघे फुटतात, आणि समोरच्याचे दोन मित्र बाजूला उभे असतील तर खाली जाणे हीच चूक ठरते.

हत्याराचा प्रश्न आणखी वेगळा आहे. 2022-23 च्या सुमारास पुण्याच्या वर्तमानपत्रांत ‘कोयता गँग’ हे शब्द नेहमीचे झाले. कोयता उगारलेल्या माणसाचे मनगट पकडून तो हिसकावण्याचे प्रकार अनेक शिबिरांत शिकवले जातात. तिथला कोयता लाकडी असतो आणि हल्ला करणारा एक वार करून थांबतो. खरा हल्लेखोर थांबत नाही. तो हात मागे खेचतो आणि पुन्हा पुन्हा वार करतो. रिकाम्या हातांनी अशा माणसासमोर टिकेल अशी विद्या कोणत्याही परंपरेकडे नाही. पळायला वाट असेल तर पळणे, नसेल तर मध्ये दुचाकी, खुर्ची, दप्तर असे काहीही आणणे, हाच शहाणपणाचा सल्ला आहे.

इतिहासातले दाखलेही नीट पाहिले तर हेच सांगतात. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीत शिवाजी महाराजांनी वाघनखे आणि बिचवा वापरला, आणि सय्यद बंडाचा वार जिवा महालाने अडवला. या हातघाईच्या गोष्टी लोकांना पाठ आहेत. पण अंगरख्याखाली चिलखत होते, डोक्यावर जिरेटोप होता, भेटीची जागा स्वतः निवडलेली होती आणि जंगलात फौज दडवलेली होती. ही तयारी नसती, तर हातातले कसब पुरे पडले असते असे कोण म्हणेल? दुसरा दाखला पुण्यातला, जोतीराव फुल्यांचा. गंज पेठेत तालीम चालवणाऱ्या लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे फुले दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. त्यांना ठार करायला रात्री दोन मारेकरी घरात शिरले, तेव्हा फुल्यांनी पट्टा उचलला नाही. त्यांनी त्या दोघांना येण्याचे कारण विचारले आणि बोलून त्यांचे मन वळवले. पुढे ते दोघे त्यांचेच अनुयायी झाले. तालमीने फुल्यांना दिलेला धीर त्या रात्री उपयोगी पडला असणार. डाव मात्र एकही लागला नाही.

स्त्रियांच्या स्वसंरक्षण शिबिरांबाबत तर मोजून काढलेला पुरावा आहे. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत मानसशास्त्रज्ञ शार्लीन सेन यांच्या गटाने 893 विद्यार्थिनींवर चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण घेतलेल्या गटात वर्षभरात बलात्काराचे प्रमाण 5.2 टक्के, तर फक्त माहितीपत्रके मिळालेल्या गटात 9.8 टक्के आढळले. हे प्रशिक्षण एकूण 12 तासांचे होते. त्यात मारण्याचे प्रकार होतेच, पण धोका लवकर ओळखणे, ओळखीच्या माणसालाही ठाम नकार देणे आणि संकोच बाजूला ठेवून ओरडणे यांवर बराच वेळ दिला गेला. आपल्याकडच्या शाळांतली दोन-तीन तासांची लाठीकाठीची शिबिरे या भागाला सहसा हातच लावत नाहीत.

मारामारी जिंकल्यावर कायदा उरतो.  शहर असो की गाव, नियम एकच. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये खासगी बचावाचा हक्क दिला आहे. बचावासाठी आवश्यक त्याहून जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. खाली पडलेल्याला मारत राहणारा पैलवान त्या क्षणी बचाव करत नसतो, आणि गुन्हा त्याच्यावरही दाखल होतो.

मुलाला किंवा मुलीला क्लासला घालायचे असेल, तर भिंतीवरच्या पदकांपेक्षा आठवड्याचा सराव पाहावा. विद्यार्थी एकमेकांशी जोर लावून लढतात का, शिकवणारा स्वतः कधी हरताना दिसतो का आणि पळून जाणे हाही धडा शिकवला जातो का, हे एका संध्याकाळी कडेला बसून कळते. फी त्यानंतर भरावी.