जठर स्वतःस कां पचवीत नाहीं?

आपण खाल्लेलें मांस जठररस पचवितो; मग मांसाचेंच बनलेलें जठर त्यांत कां विरघळत नाहीं?

जठराच्या अस्तरांतील पेशी चिकट श्लेष्मा स्रवतात व त्यांत सोड्यासारखा क्षार मिसळतात. या पातळ थरामुळें वरील तीव्र आम्ल पेशींपर्यंत पोहोंचतां पोहोंचतां निष्प्रभ होतें. हें कवच दुबळें झालें, कीं आम्ल अस्तरास झोंबतें व व्रण, म्हणजे अल्सर, पडतो.

पुष्कळ वर्षें याचा दोष तिखटास व चिंतेस दिला जाई. परंतु १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांत पर्थ येथें डॉ. वॉरन व डॉ. मार्शल यांनीं या श्लेष्म्यांत राहणारा पिळदार जंतु प्रयोगशाळेंत वाढविला. १९८४ सालीं मार्शल तो स्वतः प्याले आणि त्यांच्या जठरास दाह झाला! २००५ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. या जंतूमुळें झालेला व्रण आज औषधांनीं बरा होतो.

अॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्याही हें कवच दुबळें करितात. म्हणून पालकहो, डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून त्या वरचेवर घेऊं नयेत. आणि शौचास डांबरासारखें काळें झाल्यास क्षणाचाही विलंब लावूं नये.