फू पेइ-मेइ : तैवानच्या पडद्यावरची चाळीस वर्षं

लग्न झालं तेव्हा फू पेइ-मेइ यांना धड स्वयंपाक येत नव्हता. नवऱ्याला माजाँग या सोंगट्यांच्या खेळाचा नाद. मित्रांचा अड्डा घरीच जमायचा, आणि या जे काही पुढे ठेवतील त्याला नाक मुरडण्यात नवराच पुढे. शेवटी त्यांनी माहेरचं सोनं मोडलं, तैपेईतल्या मोठमोठ्या हॉटेलांतले आचारी पैसे देऊन घरी बोलावले आणि एकेक पदार्थ त्यांच्या हाताखाली शिकून घेतला.

ही जिद्द खरीच, पण काळही जुळून आला होता. फू यांचा जन्म १९३१ चा, चीनमधल्या, पण तेव्हा जपानी अंमलाखाली असलेल्या दालियान बंदरातला. १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्टांची सत्ता आली आणि हरलेले राष्ट्रवादी नेते च्यांग कै-शेक यांच्या मागोमाग लाखो माणसं समुद्र ओलांडून तैवानला आली, फू त्यांतल्याच. त्या लोंढ्यात सैनिक आणि कारकुनांबरोबर सिचुआन, शांघाय, कँटन, बीजिंग अशा चारी दिशांचे आचारीही होते. जे शिकायला एरवी अख्खा चीन पालथा घालावा लागला असता, ते आता एका शहरात मिळत होतं. शिकणाऱ्यांचीही वाण नव्हती. तिकडे नोकरचाकर बाळगलेल्या कितीतरी बायकांना इकडे पहिल्यांदाच चुलीपुढे उभं राहावं लागलं होतं. पन्नाशीच्या दशकात फू यांनी घराच्या अंगणात वर्ग सुरू केले.

१९६२ च्या ऑक्टोबरात तैवान टेलिव्हिजन सुरू झालं आणि त्याच वर्षी फू पडद्यावर स्वयंपाक शिकवू लागल्या. प्रक्षेपण थेट, स्टुडिओत स्वयंपाकाची सोय शून्य. शेगडीपासून सगळं घरून न्यायचं. पहिल्याच दिवशी सुरी घरी राहिली! आणि पदार्थ होता ‘खार मासा’. यात माशाचे काटे काढून मांसावर आडव्या-उभ्या चिरा पाडायच्या, स्टार्च चोळून तळायचं म्हणजे चिरा फुलून खारीच्या शेपटीसारख्या उभ्या राहतात. वरून आंबटगोड रस्सा. सगळी करामत सुरीची. उसनी मिळाली ती बोथट. तरी त्यांनी वेळ मारून नेली, आणि पुढे हे काम २००२ पर्यंत चाललं. चार हजारांवर पदार्थ त्यांनी दाखवले. शाळेत शिकलेली जपानी भाषा जपानच्या फुजी टेलिव्हिजनवर कामी आली.

१९६९ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक आलं. चिनी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी, रंगीत छायाचित्रं. तैवानमधल्या अमेरिकन कुटुंबांनी ते घेतलं, परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या बॅगेतही ते जाऊ लागलं. पुस्तकाचे विभाग पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर असे. सगळा मागे राहिलेला चीन. ज्या बेटावर बसून ते लिहिलं, त्या तैवानच्या खाण्याला मात्र स्वतंत्र विभाग नाही. आज हे खटकतं. पण दुरावलेला मुलूख ताटात पुन्हा मांडू पाहणाऱ्या पिढीचं ते पुस्तक आहे, म्हणूनच ते नुसतं पाककृतींचं पुस्तक म्हणून वाचता येत नाही.

फू २००४ मध्ये गेल्या. १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांना चिनी पाककलेच्या ज्युलिया चाइल्ड (अमेरिकन टीव्हीवर स्वयंपाक शिकवणाऱ्या प्रसिद्ध बाई) म्हटलं होतं, आणि ती उपमा आजही त्यांना चिकटलेली आहे. वास्तविक ज्युलियाबाईंची ‘द फ्रेंच शेफ’ ही मालिका सुरू झाली फेब्रुवारी १९६३ मध्ये, म्हणजे फू पडद्यावर आल्यानंतर.