कोळंबीची खुंटलेली वाढ व एका सूक्ष्म जीवाचे कूळ

बारामती व इंदापूर तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने ऊस आला. पण जेथे निचरा साधला नाही तेथे त्याच पाण्याने जमिनी क्षारपड झाल्या. अशा जमिनीत तळी खोदून मत्स्यसंवर्धन करता येते. खारट पाणी मानवणारी व्हेनामी कोळंबी त्यांत घेण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांनी एका शत्रूची ओळख आधीच करून घेणे इष्ट होय. किनाऱ्यावरील कोळंबी-संवर्धनास त्याने मोठी खोट आणली असून बीजाबरोबर तो देशावरही येऊ शकतो.

एंटेरोसायटोझून हेपॅटोपेनिआय हे त्याचे नाव. व्यवहारात त्यास ‘ईएचपी’ म्हणतात. थायलंडमधील टायगर कोळंबीत आढळलेल्या या परोपजीवीचे नामकरण २००९ मध्ये झाले. तो एकपेशीय असून त्याचा बीजाणू मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा असतो. बीजाणूत गुंडाळलेली नळी झटक्यासरशी बाहेर पडते, कोळंबीच्या पचनग्रंथीतील पेशीत घुसते आणि तिच्यावाटे रोगाचा अंश आत उतरतो. कोळंबी एकदम मरत नाही, म्हणूनच रोग लवकर ध्यानात येत नाही. खाद्याचा खर्च चालू राहतो, वजन मात्र वाढत नाही आणि एकाच तळ्यात लहानमोठी कोळंबी दिसू लागते.

या जीवाचे कूळ ठरविण्यात शास्त्रज्ञांची पुष्कळ वर्षे गेली. त्याचा भाऊबंद, रेशीमकिड्यांत पेब्रिन रोग पसरविणारा नोसिमा बॉम्बिसिस, १८५७ मध्ये नेगेली यांनी बुरशीसारख्या जीवांत घातला. पुढे हा गट आदिजीवांत गेला आणि शतकभर तेथेच राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकांची तुलना झाली, तेव्हा त्याचे नाते बुरशीशीच जवळचे ठरले. ही केवळ पंडितांची चर्चा नव्हे. हा जीव जिवाणू नसल्याने प्रतिजैविके त्यावर चालत नाहीत. तळ्यात ती ओतणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. बुरशीशी नाते ठरले तरी तळ्यात वापरण्याजोगे खात्रीचे औषध अद्याप हाती आलेले नाही.

मग उपाय कोणता? तो भाऊबंदाच्या इतिहासात सापडतो. १८६५ नंतर लुई पाश्चर यांनी फ्रान्समध्ये अंडी घातलेली मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोगट मादीची अंडी टाकून देण्याची पद्धत बसविली. तुती लावून रेशीम घेणाऱ्या शेतकऱ्यास निरोगी अंडीपुंजांचे महत्त्व सांगावे लागत नाही. कोळंबीतही तोच मार्ग आहे. बीज घेण्यापूर्वी त्याची पीसीआर तपासणी करून घ्यावी आणि अहवाल हाती आल्याखेरीज बीज तळ्यात सोडू नये. विष्ठेतून व मेलेली कोळंबी खाल्ल्यानेही रोग पसरतो. तेव्हा मेलेली कोळंबी तत्काळ काढावी. पाण्यात क्षार कमी असले की रोगाचा जोर कमी राहतो, पण तो होतच नाही असे समजू नये.

रोग येऊन गेलेले तळे पूर्ण वाळवावे. हेक्टरी ६ टन कळीचा चुना टाकून १० ते १२ सेंटिमीटर खोल नांगरावे, माती ओलवावी व आठवडाभर तशीच ठेवावी. मातीचा सामू १२ पर्यंत चढला तरच चुना लागू पडला असे समजावे. जुना, हवेत विरलेला चुना येथे उपयोगी नाही. क्षारपड जमिनीत माती-परीक्षण करून मगच हे काम हाती घ्यावे.

२०२३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी या जीवास नवी प्रजाती देऊन एसायटोन्यूक्लिओस्पोरा हेपॅटोपेनिआय असे नाव सुचविले आहे. तपासणीच्या अहवालात यांपैकी कोणतेही नाव आढळले, तरी रोग तोच आहे असे ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस समजावून सांगावे.