दुवा तुटतो कुठे?

लिंकवर क्लिक केलं आणि 'पान सापडलं नाही' असं उत्तर आलं, की बहुतेक जण दोनांपैकी एक गोष्ट करतात. पुन्हा एकदा क्लिक करून बघतात, नाहीतर नाद सोडून गूगलला शरण जातात. बातमीच्या किंवा पाककृतीच्या पानावर हे चालून जातं. सॉफ्टवेअरच्या मदतपानावर मात्र काम तिथेच ठप्प होतं, कारण मुळात अडल्याशिवाय त्या पानाकडे कोणी फिरकतच नाही.

तुटलेली लिंक नेमकी कुठे तुटली आहे, हे शोधून काढायची एक रीत आहे आणि ती शिकायला प्रोग्रामर असावं लागत नाही. 'आर' या संगणकभाषेच्या आधाराने ती समजून घेऊ. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी ही भाषा रचली. तिची १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. संख्याशास्त्राची कामं करणाऱ्यांमध्ये ती आज सर्रास वापरली जाते. आपल्याकडचे कृषी आणि संख्याशास्त्र विभागांतले विद्यार्थीही प्रबंधासाठी तीच उघडून बसलेले दिसतात. तिची खरी ताकद जगभरच्या लोकांनी लिहून दिलेल्या पॅकेजेसमध्ये आहे. 'क्रॅन' या भांडारात अशी वीस हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत, प्रत्येकासोबत मदतपानं आहेत आणि ती पानं लिंकांनी एकमेकांत गुंतलेली आहेत. इतका मोठा गोतावळा म्हटला की कुठे ना कुठे धागा सुटणारच.

मदतपानाच्या पोटात

माहितीतून सरळ रेषेचं समीकरण बसवायचं असेल, तर 'आर'मध्ये 'एलएम' हे फंक्शन वापरतात. प्रश्नचिन्हापुढे हे नाव टाइप केलं की मदतपान उघडतं. वर वर्णन, मग वापरायची पद्धत, मग एकेका घटकाचा अर्थ, त्याखाली संदर्भग्रंथ, नंतर 'हेही पाहा' म्हणून नात्यातल्या फंक्शनांची यादी आणि तळाशी चालवून बघता येईल असं उदाहरण. एलएमच्या पानावरचं उदाहरण रोपांच्या वजनांचं आहे. ॲनेट डॉब्सन यांच्या १९९० च्या पुस्तकातून घेतलेलं. 'हेही पाहा'मधलं प्रत्येक नाव म्हणजे एकेक लिंक.

हे पान इंटरनेटवरून येत नाही. पॅकेजच्या लेखकाने ते एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिलेलं असतं. त्यात 'इथे अमुक विषयाची लिंक द्या' अशी खूण असते, आणि पॅकेज इन्स्टॉल होताना कोणता विषय कोणत्या फाइलमध्ये आहे, याची सूची तयार होते. तुम्ही क्लिक करता तेव्हा 'आर'ने तुमच्याच संगणकावर चालू केलेला छोटासा सर्व्हर ती सूची बघतो आणि पान तिथल्या तिथे तयार करून ब्राउझरला देतो. ही सोय ऑक्टोबर २००९ मध्ये २.१० या आवृत्तीपासून आली. त्याआधी लिंका इन्स्टॉल करतानाच कायमच्या ठरून जायच्या. एखादं पॅकेज मागाहून बसवलं, तर आधीच्या पानांना त्याचा पत्ताच नसायचा.

म्हणजे लिंक तुटायला तीन जागा आहेत: तुमचा संगणक, पॅकेजच्या लेखकाचं लिखाण आणि बाहेरचं वेब. पाहणी याच क्रमाने करावी. पहिल्या जागेचा दोष लेखकाच्या माथी मारणारे पुष्कळ असतात.

आधी आपल्या घरात

ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीकडे बघा. पत्ता १२७.०.०.१ ने सुरू होत असेल, तर पान तुमच्याच संगणकावरून येतंय. या आकड्याचा अर्थ जगभर एकच, 'हाच संगणक'. त्यापुढे पोर्टचा क्रमांक असतो, आणि 'आर' दर वेळी सुरू झाल्यावर तो बहुधा वेगळा निघतो. काल उघडलेला टॅब आज तसाच असेल आणि मधे 'आर' बंद होऊन पुन्हा सुरू झाला असेल, तर त्या टॅबमधली एकही लिंक चालणार नाही. मदतपानाला बुकमार्क करून ठेवणाऱ्यांचीही हीच गत. इलाज सोपा आहे: टॅब बंद करा आणि मदत नव्याने मागा.

एक लिंक चालते आणि दुसरी चालत नाही, असं असेल तर ती कोणत्या पॅकेजकडे बोट दाखवते ते बघा. लेखकाने दुसऱ्या पॅकेजचा हवाला दिलेला असतो आणि ते पॅकेज तुमच्याकडे बसवलेलंच नसतं. तिथे लिंक तुटलेली नाही, पलीकडचं पान तुमच्याकडे आलेलंच नाही. ते पॅकेज इन्स्टॉल केलं की लिंक चालू लागते.

तिसरी शक्यता आवृत्तीची. अनेक पॅकेजेसची मदतपानं वेबसाइटवरही असतात आणि तिथे बऱ्याचदा पुढच्या, अजून प्रसिद्ध न झालेल्या आवृत्तीचा मजकूर असतो. तिथे वाचलेलं फंक्शन आपल्या संगणकावर सापडत नाही, म्हणून आपण मदत मोडली असं समजतो. आपल्याकडच्या पॅकेजचा आवृत्ती-क्रमांक आधी तपासावा.

महाविद्यालयात किंवा कार्यालयात एकही लिंक चालत नसेल आणि घरी त्याच लॅपटॉपवर सगळ्या चालत असतील, तर संशय प्रॉक्सीवर, म्हणजे ब्राउझर आणि वेब यांच्या मधे बसलेल्या मध्यस्थ सर्व्हरवर, घ्या. ब्राउझर स्वतःच्याच संगणकाकडे जाणारी विनंतीही प्रॉक्सीकडे पाठवत असेल, तर ती परत यायची नाही. १२७.०.०.१ या पत्त्याला प्रॉक्सीतून वगळायची सूचना ब्राउझरच्या सेटिंगमध्ये देता येते.

दार एक, बिऱ्हाडं अनेक

घरचं सगळं ठीक असेल, तर दोष पॅकेजच्या लिखाणात असू शकतो. नावात टायपिंगची चूक, किंवा मागच्या आवृत्तीत काढून टाकलेल्या फंक्शनची शिल्लक राहिलेली लिंक, हे नेहमीचे प्रकार. पॅकेज तपासणारी आज्ञा ते पकडते आणि कोणत्या फाइलमधली कोणती लिंक हरवली आहे, हे नावानिशी सांगते. खरी गोम पुढच्या दोन प्रकारांत आहे.

पहिला प्रकार फाइल आणि विषय यांच्यातल्या गोंधळाचा. एका मदतपानात अनेक फंक्शनं नांदतात. आलेख काढायच्या 'जीजीप्लॉट-टू' या गाजलेल्या पॅकेजमध्ये रेषा काढणाऱ्या 'जिओम-लाइन'ला स्वतःचं पान नाही. ते 'जिओम-पाथ'च्या पानावर राहतं. जुन्या वाड्यात दारावर एकाच्या नावाची पाटी असते आणि आत तीन बिऱ्हाडं राहतात, तसं हे. दुसऱ्या पॅकेजमधून लिंक देताना 'आर'चा जुना नियम दारावरच्या पाटीचं, म्हणजे फाइलचं नाव मागायचा. लेखक मात्र साहजिकच फंक्शनचं नाव लिहायचे. २०२० च्या सुमारास क्रॅनच्या तपासणीत अशा लिंकांवर शेरे येऊ लागले आणि पॅकेज-लेखक वैतागले. कुठलं फंक्शन कुठल्या फाइलमध्ये राहतं, हे दुसऱ्याच्या पॅकेजबद्दल लक्षात कोण ठेवणार? त्यातून उद्या त्या लेखकाने फाइल बदलली, तर आपली लिंक विनाकारण बाद. मे २०२१ मध्ये आलेल्या ४.१ या आवृत्तीने नियमच उलटा केला. आता आधी विषयाचं नाव शोधलं जातं आणि ते न मिळालं तर फाइलचं. हजारो लेखकांना सुधारण्यापेक्षा एक नियम सुधारणं शहाणपणाचं होतं.

दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण त्यात लिंक तुटत नाही. चुकीच्या दारी जाते. 'फिल्टर' हे नाव घ्या. 'आर'सोबत येणाऱ्या 'स्टॅट्स' या पॅकेजमध्ये फिल्टर आहे, ते कालमालिकेवर गाळणी चालवतं. 'डीप्लायर' या लोकप्रिय पॅकेजमध्येही फिल्टर आहे, ते तक्त्यातल्या हव्या तेवढ्या ओळी निवडतं. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तिसऱ्या लेखकाने आपल्या पानावर पॅकेजचं नाव न देता नुसतं 'फिल्टर' अशी लिंक दिली, तर शोध आधी त्याच्या स्वतःच्या पॅकेजमध्ये आणि मग 'आर'च्या मूळ पॅकेजेसमध्ये होतो. ओळी निवडायला निघालेला वाचक कालमालिकेच्या पानावर जाऊन पडतो. पान व्यवस्थित उघडलेलं असतं, त्यामुळे काही बिघडलंय अशी शंकासुद्धा त्याला येत नाही. म्हणूनच २०२४ पासून क्रॅनची तपासणी लेखकांना सांगू लागली, की लिंक दुसऱ्या पॅकेजची असेल तर त्या पॅकेजचं नाव लिहा.

बाहेरच्या वेबवर

तिसरी जागा आपल्या हाताबाहेरची. मदतपानात संशोधनलेख, संकेतस्थळं, माहितीचे साठे यांचे पत्ते असतात आणि ते पत्ते आपापल्या कारणाने मरतात. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. विकिपीडियाच्या ५४ टक्के पानांवर संदर्भांतली किमान एक लिंक मृत निघाली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एका टिपणात संकेतस्थळं चालवणाऱ्यांना खडसावलं होतं, की पत्ते बदलण्यामागे तांत्रिक निकड क्वचितच असते. लोकांनी ऐकलं नाही.

मृत्यूचे प्रकार ओळखायला सर्व्हरचे आकडे कामी येतात. ४०४ म्हणजे पान सापडलं नाही. ४१० म्हणजे मुद्दाम काढून टाकलं. ३०१ म्हणजे कायमचा पत्ता बदलला. तिथे वाचक योग्य जागी पोचतो, तरीही क्रॅन लेखकाला नवा पत्ता लिहायला लावतं, कारण जुना पत्ता किती दिवस वाट दाखवील याचा भरवसा नसतो. ४०३ म्हणजे प्रवेश नाही. हा आकडा तपासणीत आला म्हणून लिंक लगेच काढू नये. काही प्रकाशक यंत्रांना दारातूनच परत पाठवतात आणि माणसाला आत घेतात. अशी लिंक ब्राउझरमध्ये हाताने उघडून बघावी. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे यंत्राला 'सर्व ठीक' असं उत्तर मिळतं आणि पानावर भलताच मजकूर असतो. जुन्या डोमेनची मुदत संपते, ते कोणीतरी विकत घेतं आणि संख्याशास्त्राच्या संदर्भाखाली जुगाराची जाहिरात उघडते. हे पकडायला माणसाचेच डोळे लागतात.

कधी अख्खा मोहल्लाच उठतो. गूगलने 'गूगल कोड' ही प्रकल्प ठेवण्याची जागा २०१५ मध्ये बंद करायला घेतली आणि जानेवारी २०१६ मध्ये ती बंद झाली. तिथले पत्ते छापलेली मदतपानं एकदम जुनी पडली. नकाशांच्या कामात असंच झालं. 'आरजीडॅल', 'आरजिऑस' आणि 'मॅपटूल्स' ही तीन पॅकेजेस वर्षानुवर्षं आधारस्तंभ होती. ती सांभाळणारे नॉर्वेतले प्राध्यापक रॉजर बिव्हंड यांनी बऱ्याच आधी सूचना देऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये ती निवृत्त केली. तालुक्यांच्या सीमांची फाइल वाचायला 'रीडओजीआर' वापरा असं सांगणारी जुनी टिपणं आजही हातोहात फिरतात, आणि त्यातली पॅकेजची लिंक दाबली की ते क्रॅनमधून काढल्याची नोंद दिसते. ही नोंद मात्र वाखाणण्यासारखी आहे. पत्ता जिवंत ठेवलाय, पॅकेज काढल्याचं सांगितलंय आणि जुन्या आवृत्त्या कुठे मिळतील हेही दिलंय. वाचकाने पुढे 'एसएफ' किंवा 'टेरा' या नव्या पॅकेजकडे वळावं.

लेखकांसाठी यातून तीन गोष्टी निघतात. संशोधनलेखाचा हवाला देताना प्रकाशकाच्या पानाचा पत्ता न देता डीओआय क्रमांक द्यावा. प्रकाशकाने घर बदललं तरी तो क्रमांक तोच राहतो आणि नव्या घराची नोंद मागे अद्ययावत होते. क्रॅनवरच्या पॅकेजसाठी क्रॅनने ठरवून दिलेला छोटा, कायमचा पत्ताच वापरावा. आणि नवी आवृत्ती पाठवण्याआधी सगळे पत्ते एकदा यंत्राकडून तपासून घ्यावेत; 'आर'मध्ये 'यूआरएल-चेकर' नावाचं पॅकेज हेच काम करतं, तर पायथनच्या मदतपुस्तिका बांधणाऱ्या 'स्फिंक्स'मध्ये लिंकतपासणीची सोय आतच आहे. वाचकाला तातडीने जुनं पान हवं असेल, तर मृत पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये टाकावा. कोणीतरी त्याची प्रत आधी जपून ठेवलेली असण्याची शक्यता बरीच असते.

कळवायचं कोणाला?

इतकं शोधून दोष पॅकेजचाच निघाला, तर गप्प बसू नका. क्रॅनवरच्या प्रत्येक पॅकेजला एक जबाबदार माणूस असतो आणि त्याचा ईमेल पत्ता पॅकेजच्या माहितीपत्रकात द्यावाच लागतो. पुष्कळ पॅकेजेस तक्रारींसाठी वेगळी जागाही देतात. लिहिण्याआधी नवी आवृत्ती आलीय का ते बघा. कदाचित चूक आधीच सुधारलेली असेल. मग 'आर'ची आवृत्ती, पॅकेजची आवृत्ती, कोणतं मदतपान, त्यातला कोणता शब्द आणि क्लिक केल्यावर नेमकं काय दिसलं, एवढं लिहा. 'तुमची लिंक चालत नाही' एवढ्यावर लेखकाला काहीच करता येत नाही. पाच गोष्टी नीट कळवल्या, तर त्याचं काम बहुधा एका ओळीच्या दुरुस्तीचं उरतं.

ही पॅकेजेस लिहिणारे पुष्कळ लोक पदरमोड करून, नोकरी सांभाळून ती चालवतात. आपल्याच मदतपानावरच्या लिंका ते रोज दाबून बघत नाहीत, वाचक बघतात. तेव्हा पुढच्या वेळी लिंक तुटलेली दिसली, की टॅब बंद करण्याआधी पाच मिनिटं काढा आणि लेखकाला लिहा.