टाकी धुऊन मासे मारू नका

मासे विकताना एक सल्ला सर्रास दिला जातो : दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करा, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुवा, ताजं पाणी भरा. टाकी लखलखते आणि दोन-चार दिवसांत मासे मरू लागतात. मग दोष माशांच्या जातीला दिला जातो, याचं फार वाईट वाटतं.

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साचतो. तो विषारी असतो. स्पंजवर आणि खड्यांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात (तेही घातकच) आणि मग बऱ्याच सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं, माशांच्या कल्ल्यांनाही इजा करतं. म्हणजे रविवारची ती साफसफाई टाकीला पुन्हा पहिल्या दिवसावर नेते.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं तरी पुरतं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा आणि नवं पाणी क्लोरीन घालवणारे थेंब टाकूनच भरावं.

गोल्डफिशला छोटा काचेचा गोल पुरतो, हा सल्ला तर सरळ क्रूर आहे. साधा गोल्डफिश २० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो, नीट सांभाळला तर १० वर्षांहून जास्त जगतो.