कोयता बंद, लवाद सुरू

सोलापूर रस्त्याने हडपसर ओलांडलं की मांजरीची हद्द लागते. २०२१ साली पुणे महापालिकेत गेलेल्या २३ गावांमध्ये मांजरी बुद्रुक होतं. आता इथे उंच इमारती झाल्या, पण गावाची जुनी ओळख अजून शेतीचीच आहे. द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथलंच. रसासाठी काढलेल्या एका द्राक्ष वाणाला त्यांनी ‘मांजरी मेडिका’ असं नावही देऊन टाकलं. आणि इथेच आहे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. सहकारी साखर कारखान्यांनी १९७५ साली ‘डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट’ म्हणून ती उभी केली, वसंतदादा पाटील गेल्यावर तिला त्यांचं नाव मिळालं. उसाचे वाण, ऊतिसंवर्धित रोपं, माती परीक्षण, मळीपासून अल्कोहोल, असा सगळा कारभार या आवारात चालतो. कारखानदारीतली माणसं तिला नुसतं ‘व्हीएसआय’ म्हणतात.

२७ ऑक्टोबर २०२० रोजी याच व्हीएसआयमध्ये एक बैठक झाली. दसरा दोनच दिवसांपूर्वी होऊन गेला होता, कारखान्यांची धुराडी पेटायची वेळ आली होती आणि मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दरवाढीसाठी अडून गावातून हलत नव्हत्या. बैठकीला संस्थेचे अध्यक्ष शरद पवार होते, जयंत पाटील होते, पंकजा मुंडे होत्या, धनंजय मुंडे होते. राजकारणात आमनेसामने असलेले हे चुलत बहीण-भाऊ एका टेबलाला बसले याचीच वर्तमानपत्रांना अधिक अपूर्वाई. बाहेर आलेला आकडा होता १४ टक्के. ऊस तोडणीचा दर तोवर टनाला २३९ रुपयांच्या आसपास होता, तो २७३च्या आसपास गेला. करार तीन वर्षांचा. दोन-चार दिवसांत बीड, पाथर्डी, आष्टीकडून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून निघाले.

या व्यवस्थेला ऊसतोडीच्या जगात ‘लवाद’ म्हणतात. कायद्याच्या पुस्तकात लवाद म्हणजे दोन्ही बाजूंना मान्य असलेला तिसरा, तटस्थ माणूस. इथला लवाद वेगळा आहे. कारखान्यांच्या बाजूने, म्हणजे राज्य सहकारी साखर कारखाना संघाच्या बाजूने एक मोठा नेता, मजुरांच्या बाजूने दुसरा मोठा नेता. दोघांनी बसायचं, बोलायचं आणि एक टक्का सांगायचा. वर्षानुवर्षं एका बाजूला शरद पवार आणि दुसऱ्या बाजूला गोपीनाथ मुंडे अशी ही जोडी होती. मुंडे ३ जून २०१४ रोजी गेले आणि त्यांची खुर्ची पंकजा मुंडेंकडे आली. २०१५ साली त्यांनी आणि जयंत पाटलांनी मिळून २० टक्के वाढ सांगितली, ती पाच हंगामांसाठी. पाच वर्षं महागाई आपली वाढत राहिली, तोडणीचा दर जागचा हलला नाही.

अशी व्यवस्था का उभी राहिली, हे समजायला उसाचा स्वभाव पाहावा लागतो. ऊस पिकला की थांबत नाही. तोड लांबली तर साखर उतरते, तुरा येतो, वजन घटतं. तोडलेला ऊस एक-दोन दिवस पडून राहिला तरी उतारा (उसातून निघणारी साखर) पडतो. कारखान्याचा सगळा हंगाम चार-पाच महिन्यांचा. म्हणून मजुराच्या हातात जोर असतो तो फक्त ऑक्टोबरात, टोळी गावातून निघण्याआधी. एकदा कोपी, म्हणजे झोपडी, पडली, बैल बांधले, पोरं फडावर आली की परतीचा रस्ता सोपा राहत नाही. कामगार संघटनांनी हे फार पूर्वी ओळखलं. पाथर्डीचे बबनराव ढाकणे आणि पुढे मुंडे यांनी संपाचं हत्यार दसऱ्याच्या सुमारासच उपसलं. आंदोलनाला नाव पडलं ‘कोयता बंद’.

कोयता हा शब्द इथे माणसांसाठी वापरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. टोळी नेणारा मुकादम विचारतो, ‘किती कोयते आणलेस?’ पहाटे चारला फडात उतरलं की नवरा बुडाशी वाकून तोडतो. जमिनीलगत तोडायचं, कारण साखर बुडख्यात जास्त. चार बोटं खुंट वर राहिला तर शेतकरी ओरडतो, कारखान्याचा चिटबॉय ओरडतो, आणि कारखान्याचा कृषी अधिकारी तर व्हीएसआयच्या तक्त्यावरून सांगतो की उतारा कुठे गेला. त्याच वेळी बायको पाला सोलते, शेंडा छाटते, वाढ्यांची, म्हणजे हिरव्या शेंड्यांची, दोरी वळून मोळी बांधते. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. फळी दवाने ओली असली तर पाय सांभाळायचा. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरायची. वाढी विकून मीठ-मिरचीचे पैसे सुटतात, तेवढीच रोजची रोकड.

एक जोडी दिवसाला दीड ते दोन टन तोडते. २०२४ साली ठरलेल्या दराने, म्हणजे टनाला ३६६ रुपये धरले तर दोघांचे मिळून साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये होतात. हे बारा-चौदा तासांचे, आणि दोघांचे. पण हे पैसे हातात पडत नाहीत. ते आधीच पडून गेलेले असतात.

त्याचं नाव उचल. पावसाळ्यात, पोळ्याच्या आगेमागे, घरात दाणे संपलेले असतात आणि मुलीचं लग्न किंवा दवाखाना समोर उभा असतो, तेव्हा मुकादम दारात येतो. कोयत्यामागे पन्नास हजार, लाख, कधी त्याहून जास्त. हंगामभर तोडलेल्या टनांतून ती फेडायची. लाखाची उचल ३६६च्या दराने फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन जमले आणि एकही खाडा पडला नाही तरी साडेचार महिने लागतात. दीड टनच जमला तर सहा महिने. कारखान्याचा पट्टा त्याआधीच पडतो, म्हणजे हंगाम संपतो. मग बाकी राहते, आणि ती बाकी पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाच्या वहीत पहिल्या ओळीला असते. आजारपणाचा खाडा पडला तर त्याचा दंडही त्याच वहीत.

इथे थोडं अमेरिकेत जाऊन यावं लागेल. तिथल्या बेसबॉलच्या खेळाडूंचं दुखणं पैशाच्या मापात बीडच्या कोयत्यापासून फार दूर आहे, पण गाठ तीच होती. तिथल्या प्रत्येक करारात एक राखीव कलम असे. करार संपला तरी खेळाडू त्याच संघाचा राही. दुसरीकडे जायची मुभा नाही, मालकाला मात्र त्याला दुसऱ्या संघाला विकायची मोकळीक. १९६९ साली सेंट लुईसच्या कर्ट फ्लडला फिलाडेल्फियाला पाठवलं, तेव्हा त्याने आपण विकत घ्यायची वस्तू नाही असं लीगच्या आयुक्तांना लिहून कळवलं आणि कोर्टात गेला. त्याची वर्षाची कमाई तेव्हा ९० हजार डॉलर होती, तरी तो भांडला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. पण खेळाडूंच्या संघटनेने १९६६ पासून मार्विन मिलर नावाचा माणूस नेमलेला होता. तो पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेला, खेळाशी फारसा संबंध नसलेला अर्थतज्ज्ञ. त्याने सगळ्यात आधी सामूहिक करार कागदावर आणला. किमान वेतन वर्षाला सहा हजारांवरून दहा हजार डॉलर झालं. मग त्या करारात तटस्थ लवादाचं कलम घालून घेतलं. डिसेंबर १९७५ मध्ये पीटर साइट्झ या लवादाने निकाल दिला की राखीव कलम एका वर्षापुरतं, त्यानंतर खेळाडू मोकळा. मालकांनी साइट्झला त्याच दिवशी काढून टाकलं. निकाल मात्र टिकला.

त्या खेळात भांडणं थांबली असं नाही. १२ ऑगस्ट १९९४ला खेळाडू संपावर गेले, २३२ दिवस मैदानं रिकामी राहिली, त्या वर्षीची वर्ल्ड सिरीजही झाली नाही. २०२१च्या डिसेंबरात मालकांनीच ९९ दिवस टाळं ठोकलं. टाळं निघालं तेव्हा किमान वेतन वर्षाला सात लाख डॉलर ठरलं होतं. ही चैन इथे कुणी मागत नाही. पण मिलरने एक गोष्ट पक्की ओळखली होती: आकडा नंतर, आधी बांधलेली गाठ सोडवायची. आपल्याकडचा लवाद नेमका उलटा चालतो. आकडा सांगतो, गाठीला हात लावत नाही. उचल किती, व्याज लावायचं की नाही, हिशेबाची प्रत मजुराला मिळते की नाही, खाड्याचा दंड कोणी ठरवला, यातलं काही त्या टक्क्यात येत नाही.

याचं एक कारण कागदातच आहे. कारखाना करार करतो वाहतूकदाराशी, वाहतूकदार मुकादमाशी, मुकादम जोडप्याशी. दर ठरवायला कारखाना संघ टेबलाला बसतो, पण मजूर फडात पडला, बैल मेला, झोपडी जळाली, तर कारखाना म्हणतो तो आमचा कामगार नाही. भाव ठरवताना मालक, जबाबदारी आली की त्रयस्थ. ही सोय लवादाने इतकी वर्षं मोडलेली नाही, आणि मोडेल असं मला वाटत नाही, कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंना कारखानदारी आहे. मजुरांच्या बाजूने बसलेल्या मुंडे घराण्याने परळीचा वैद्यनाथ कारखाना उभा केला आणि चालवला. पंकजा मुंडे त्याच्या अध्यक्ष होत्या. यात कुणाच्या हेतूवर शंका घ्यायची गरज नाही. गोपीनाथ मुंडेंना बीडच्या टोळ्यांनी मनापासून आपलं मानलं, आणि त्यांच्या शब्दावर मुकादम आणि कारखानदार दोघेही वचकून असत, हेही खरं. पण मिलरचा स्वतःचा संघ असता तर खेळाडूंनी त्याला करारासाठी पाठवलं असतं का, हा प्रश्न विचारायला हवा.

डाव्या संघटना तो विचारत आल्या आहेत. सीटूशी जोडलेल्या ऊसतोडणी व वाहतूक कामगार संघटनेचा मुद्दा साधा असतो: जे यंत्र तेच काम करतं, त्याला टनाला माणसापेक्षा कितीतरी जास्त दर मिळतो, मग माणसाला कमी का? हार्वेस्टरला उचल लागत नाही, त्याची पोरं शाळा सोडून येत नाहीत, आणि त्याला रुंद सरीचा सोयीचा ऊस लागतो. अडचणीचा, पडलेला, चिखलातला ऊस शेवटी कोयत्याच्याच वाट्याला येतो. सरकारने २०२३ मध्ये ९०० हार्वेस्टरना अनुदान द्यायचं ठरवलं, किमतीच्या ४० टक्के किंवा जास्तीत जास्त ३५ लाख. त्यानंतर मुकादमांच्या बोलण्यात ‘मशीन आलं तर’ हे वाक्य जरा जास्तच येऊ लागलं आहे.

मुकादमाला खलनायक करणं सोपं आहे, आणि पुष्कळ लेख तेवढ्यावर थांबतात. तोही बहुतेकदा त्याच वस्तीतला, कालपर्यंत कोयता हाणणारा. वाहतूकदाराकडून लाखो रुपये उचलून तो खाली वाटतो. निम्मे कोयते दुसऱ्याच्या गाडीवर गेले की तो बुडतो. मग कुणी ट्रॅक्टरवाला कर्जात जातो, कुणी मुकादमाला उचलून आणतो, कुठे मजुरांना फडावर अडकवून ठेवतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या पोलिस ठाण्यांत दर हंगामाला दोन्ही बाजूंच्या तक्रारी पडतात. पैसा वरून खाली येताना कुठेच पावती नाही, त्याचं हे फळ.

आणि त्या वहीत बायकोचं नाव नसतं. निम्मं काम तिचं, उचल मात्र नवऱ्याच्या अंगठ्यावर. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढलेल्या बायकांची बातमी गाजली, तेव्हा सरकारने पाहणी केली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. पाळीत सुट्टी घेतली की खाडा, आणि खाडा पडला की दंड. फडावर पाणी नाही, आडोसा नाही. डॉक्टरांचा धंदा त्यात होताच, पण त्या धंद्याला गिऱ्हाईक पुरवलं ते या हिशेबानेच. २७ ऑक्टोबरच्या बैठकीतला १४ टक्क्यांचा आकडा या बाईपर्यंत कसा पोहोचतो, तर नवऱ्याची उचल तेवढी लवकर फिटते, एवढाच.

काही हललं नाही असं नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं. त्यासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनाला दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असं ठरलं. २०२१-२२च्या हंगामात राज्याने १३०० लाख टनांवर ऊस गाळला. त्या हिशेबाने कारखान्यांकडूनच वर्षाला १३० कोटी होतात. संत भगवानबाबांच्या नावाने मुलांसाठी वसतिगृहं मंजूर झाली. ओळखपत्रं द्यायला सुरुवात झाली. ओळखपत्र हा त्यातला सगळ्यात किरकोळ वाटणारा आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग. ज्याची सरकारदरबारी नोंदच नाही, त्याला विमा, दवाखाना, नुकसानभरपाई मागताना पहिली अडचण तिथेच येते. नोंद बाईच्या नावाने वेगळी होते की जोडीच्या नावाने एकत्र, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

४ जानेवारी २०२४ रोजी पवार आणि पंकजा मुंडे पुण्यात पुन्हा बसले. या वेळी हंगाम सुरू होऊन दोन महिने उलटले होते, म्हणजे मजुरांचा ऑक्टोबरचा जोर निघून गेलेला. तरी कोयता बंदचा इशारा आणि बैठकांच्या फेऱ्या यांतून आकडा निघाला ३४ टक्के. मुकादमाचं कमिशन एका टक्क्याने वाढलं. २७३चे ३६६ झाले ते इथे. इतकी मोठी वाढ एका दमात मिळाली, म्हणजे आधीचा दर किती मागे पडला होता हेही त्यातच आलं. तीन हंगामांचा हा करार २०२५-२६च्या गाळपाबरोबर संपतो. त्यानंतरच्या दसऱ्याला टोळ्या पुन्हा थांबतील, आणि संघटनांनी या वेळी टक्क्याआधी उचलीचा लेखी हिशेब आणि बाईच्या नावाचं स्वतंत्र खातं मागितलं, तर कारखाना संघाला पहिल्यांदाच असं काही ऐकावं लागेल ज्याचं उत्तर गुणाकाराने देता येत नाही.