कोरलेल्या नावामागचे घर

गेल्या विजयदिनी, १६ डिसेंबरला, आमचे कर्वेनगरातले शेजारी काका म्हणाले, "स्मारकावर येतोस का? आता एकट्याने जाववत नाही." काका 'जंगी पलटणी'तले, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे. १९७१च्या डिसेंबरात ही पलटण जमालपूरला लढली. पुढे काही दिवसांतच ढाक्यात शरणागती झाली आणि सुमारे ९३ हजार युद्धकैदी भारताच्या हाती आले.

पुण्याचे राष्ट्रीय युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले आणि १९९८ साली खुले झाले. तिथे पुष्पचक्रे वाहिली गेली, बिगुल वाजला. काकांची पाठ ताठ होती, सलामीचा हात मात्र थरथरत होता. नंतर एका कोरलेल्या नावावर बोट ठेवून ते म्हणाले, "याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमचं युद्ध तेरा दिवसांत संपलं. वहिनींचं अजून चालूच आहे."

परतताना रिक्षात दोघेही गप्प होतो. महर्षी कर्व्यांची संस्था दिसली. विधवांसाठी १८९६ साली काढलेला आश्रम अण्णांनी १९०० मध्ये इथे, हिंगण्याच्या माळावर आणला. विधवेला कीव नको, पायावर उभे राहण्याचे बळ हवे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. रोजचाच हा रस्ता; पण आज मनात आले, दगडावरच्या नावाला फूल वाहणे सोपे. त्या नावामागच्या घराची कडी कोण वाजवतो?

जिन्यापाशी काका थांबले. "रविवारी साताऱ्याला वहिनींकडे जायचंय. येतोस?"

मी हो म्हटले.